टाचेचं हाड वाढलंय म्हणून घाबरू नका: टाचदुखी आणि पायांच्या नेहमीच्या तक्रारींबद्दल सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात तुम्ही असं लिहिलंय की वय ४६, दादरला साड्यांच्या दुकानात सेल्सला आहात, रोज डोंबिवलीहून ये-जा करता, पाच महिन्यांपासून उजवी टाच दुखतेय, सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की जीव जातो. एक्स-रे काढला तर हाड वाढलेलं दिसलं, मग कुणी म्हणालं इंजेक्शन घ्या, कुणी म्हणालं ऑपरेशन करून ते हाड घासावं लागेल. आणि शेवटी आईंबद्दल विचारलंय, वय ६८, डायबेटिस बरीच वर्षं आहे, टाचांना भेगा आहेत आणि रात्री तळपायाला मुंग्या येतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, परळ भागात बरीच वर्षं हेच काम करतेय आणि टाच धरून येणाऱ्या बायकांची माझ्याकडे कधी कमी नसते. जरा सावकाश लिहिते, कारण दोघींचं दुखणं पायाचंच असलं तरी तुमचं आणि आईंचं प्रकरण एकदम वेगळं आहे आणि आईंचं जास्त महत्त्वाचं आहे.

आधी ते हाड. एक्स-रेमध्ये टाचेच्या खाली पुढच्या बाजूला चोचीसारखं टोक दिसतं त्याला स्पर म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं हे टोकच आत रुततंय म्हणून दुखतंय, पण तसं नसतं. ज्यांची टाच आयुष्यात कधी दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्ये हे टोक असतं, चाळिशी-पन्नाशीनंतर तर जास्तच, आणि ज्यांचं दुखणं पूर्ण बरं होतं त्यांचा पुन्हा एक्स-रे काढला तर टोक तिथंच असतं. म्हणजे दुखणं गेलं पण हाड तेवढंच. म्हणून ते हाड कापायचं, घासायचं, विरघळवायचं हे सगळं डोक्यातून काढून टाका. 'हाड वाढलंय' हे दोन शब्द ऐकून बायका इतक्या घाबरतात की पाय टेकवायलाच बिचकतात, घरातल्या घरात लंगडतात आणि त्या लंगडण्याने मग दुसरा गुडघा आणि कंबर धरते.

दुखतंय ते काय हे सांगते. टाचेच्या हाडाच्या खालून, आतल्या बाजूने, एक जाड चिवट पट्टा निघतो आणि पुढे पाचही बोटांच्या मुळाशी जाऊन चिकटतो, त्याला प्लान्टर फॅशिया म्हणतात. पायाची कमान धनुष्य समजा तर हा पट्टा त्याची दोरी. चालताना टाच उचलली आणि बोटं वर वाकली की हा पट्टा ताणला जातो, कमान उंच होते आणि पाय कडक होऊन पुढे ढकलायला तयार होतो. हिक्स नावाच्या डॉक्टरांनी १९५४ मध्ये हे लिहून ठेवलंय आणि आपण जे व्यायाम देतो ते अजूनही याच गोष्टीवर उभे आहेत. आता या पट्ट्याला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त काम महिनोन्महिने पडलं की टाचेला जिथे तो चिकटलाय तिथे बारीक बारीक झीज होते, पट्टा जाड होतो, सोनोग्राफीत साधारण ४ मिलिमीटरच्या वर गेला की आम्ही तो जाड समजतो. या दुखण्याचं नाव प्लान्टर फॅसायटिस असलं, म्हणजे नावावरून सूज असल्यासारखं वाटलं, तरी जुन्या दुखण्यात तिथे सुजेपेक्षा झीजच जास्त सापडते. म्हणूनच नुसत्या सुजेच्या गोळ्या खाऊन हे जात नाही, गोळीचा असर उतरला की परत तेच.

सकाळी का दुखतं? रात्रभर पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आणि पोटरी दोन्ही आखडतात, आणि उठल्या उठल्या अख्खं वजन एकदम त्यावर येतं. दहा-बारा पावलं टाकली की सैल होतं, मग बरं वाटतं, मग दिवसभर उभं राहून संध्याकाळी परत ठणकतं. ट्रेनमध्ये बसायला मिळालं आणि दादरला उतरताना पहिलं पाऊल टाकलं की परत तीच कळ. तुम्ही अगदी हेच लिहिलंय, त्यामुळे मला तरी बऱ्यापैकी खात्री वाटते की तुमचं हेच आहे.

तरी एकदा स्वतः बोटाने दाबून बघा, कारण टाच दुखते म्हणजे सगळ्यांचं एकच नसतं. अंगठ्याने टाचेच्या खाली, आतल्या कडेला, कमान जिथे सुरू होते तिथे दाबलं आणि 'आई गं' झालं तर पट्टाच. टाचेच्या अगदी मधोमध दुखतंय, सकाळपेक्षा अनवाणी लादीवर चाललं की जास्त, तर टाचेखालची चरबीची गादी पातळ झालेली असू शकते, त्याला ताणायचे व्यायाम फार उपयोगाचे नाहीत, त्याला मऊ टाच असलेली चप्पल आणि सिलिकॉनचा कप लागतो. मागच्या बाजूला, जिथे बुटाची कड घासते तिथे दुखतंय तर ती पोटरीची शीर, अकिलिस टेंडन, तिथे जोरजोरात ताणलं तर उलट वाढतं. जळजळ, करंट मारल्यासारखं, तळव्यात मुंग्या, रात्रीही चालूच, तर घोट्याच्या आतल्या बाजूला नस दाबली जातेय का ते बघावं लागतं. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली आणि जोरात दुखलं, किंवा अचानक चालणं-धावणं वाढवल्यावर सुरू झालं, तर हाडाला बारीक चीर असू शकते, आणि ती सुरुवातीला एक्स-रेत दिसतही नाही. मॅरेथॉनच्या आधी डिसेंबरमध्ये अशी मंडळी हमखास येतात, मरीन ड्राइव्हवर सप्टेंबरपर्यंत दोन किलोमीटर धावणारी माणसं एकदम पंधरा-पंधरा किलोमीटर धावायला लागतात म्हणून.

आठ ते चौदा वर्षांचा खेळणारा मुलगा किंवा मुलगी टाच दुखते म्हणाली तर ते वाढीच्या हाडाचं दुखणं असतं, खेळ थोडा कमी केला की बरं होतं, घाबरायचं काही नाही. पण विशी-तिशीतला मुलगा, दोन्ही टाचा, आणि सकाळी कंबर अर्धा-अर्धा तास आखडलेली असते, हालचाल केली की सुटते, असं असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे फिरत बसू नका, सरळ संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. अशी मुलं 'टाचदुखी'च्या नावाखाली वर्षं वाया घालवतात आणि तोवर मणक्यांचं नुकसान होतं, हे बघून मला फार वाईट वाटतं. आणि पावसाळ्यात ताप येऊन गेल्यावर घोटे, टाचा धरल्या असतील तर चिकनगुनिया झाला होता का हे आठवा, ते दुखणं महिनोन्महिने रेंगाळू शकतं.

आता तुमच्यावर येते. तुमच्या पायावर काम किती पडतंय ते बघा. डोंबिवलीचा जिना, गर्दीत उभं राहून प्रवास, दादरचा पूल, मग दहा तास दुकान. तुम्ही एका ओळीत लिहून गेलात की दुकानात चप्पल बाहेर काढावी लागते, माझ्या मते तिथेच खरी गोम आहे. दिवसभर कडक लादीवर अनवाणी, मधे मधे गादीवर चढ-उतार, आणि घरी आल्यावर ओट्याशी परत अनवाणी. पायाच्या पट्ट्याला दिवसात सुट्टीच नाही. मागच्या वर्षी वजन पाच-सहा किलो वाढलं असंही लिहिलंय, त्याचाही वाटा आहे, पण वजन कमी होईपर्यंत थांबायची गरज नाही, आणि त्यावरून स्वतःला दोष देऊ नका, दुखऱ्या टाचेने चालणार तरी कसं माणूस.

पहिलं काम, हा भार थोडा उतरवायचा. दुकानाच्या मालकांना सांगा की फक्त दुकानात घालायची एक स्वच्छ वेगळी जोडी ठेवते, बाहेरची धूळ येणार नाही. बहुतेक मालक ऐकतात, नाहीच ऐकलं तर मोज्याच्या आत सिलिकॉनचे टाचेचे कप घाला, मेडिकलमध्ये मिळतात, दोन्ही पायांत घाला म्हणजे उंची सारखी राहते. तासाभराने दोन मिनिटं टेकायला स्टूल मागा. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानात काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यायलाच हवी असा कायदा केला, आणि तो मुख्यतः साड्यांच्या-कपड्यांच्या दुकानांत दिवस दिवस उभ्या राहणाऱ्या बायकांनी आवाज उठवला म्हणून झाला. बसायला मागणं म्हणजे कामचुकारपणा नाही हे तुम्हालाही पटलं पाहिजे. घरात अनवाणी चालणं पूर्ण बंद, सकाळी पलंगाशेजारीच चप्पल ठेवायची आणि पाय थेट चपलेत, लादीवर नाही. देवघरापुरती अनवाणी गेलात तर चालेल, पण ओट्याशी चप्पल हवीच.

आता व्यायाम, आणि हा भाग कृपा करून वरवर वाचू नका. उठायच्या आधी, पलंगावरच बसून, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, हाताने पाचही बोटं नडगीच्या दिशेने मागे ओढा, दुसऱ्या हाताने तळव्याला हात लावून बघा, पट्टा तारेसारखा ताणलेला लागला पाहिजे. दहा मोजेपर्यंत धरा, सोडा, असं दहा वेळा. मग चप्पल घालून उठायचं. हेच दिवसातून तीनदा, आणि बराच वेळ बसून उठायच्या आधीही, म्हणजे ट्रेनमध्ये बसायला मिळालं तर ठाणे-मुलुंडच्या दरम्यान करून घ्या, कुणी बघत नाही आणि बघितलं तर बघू दे. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या टाचदुखीच्या लोकांना आठ आठवडे नुसती पोटरी ताणण्यापेक्षा या पद्धतीने जास्त आराम पडला होता. पोटरीही ताणायचीच, भिंतीला हात लावून, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला टेकलेली, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, प्रत्येकी अर्धा मिनिट, दोन-तीन वेळा.

पण ताणल्याने फक्त सैल होतं, ताकद येत नाही, आणि पट्ट्याला दहा तास उभं राहायची ताकद तर हवी ना. त्यासाठी जिन्याच्या पायरीवरचा व्यायाम. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून पायरीच्या कडेला ठेवा, बोटं त्या गुंडाळीवर वर वाकलेली राहतील असा चवडा टेकवा, टाच हवेत. कठड्याला धरा. तीन मोजत टाच वर, वर दोन मोजेपर्यंत थांबा, तीन मोजत खाली, पायरीच्या खालपर्यंत. घाई केली तर उपयोग नाही, सावकाशपणाच यातलं औषध आहे. सुरुवातीला दोन्ही पायांवर करा, बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. जमायला लागलं की फक्त दुखऱ्या पायावर, मग पाठीला सॅक लावून त्यात पुस्तकं किंवा तांदळाची पिशवी टाकून वजन वाढवत जायचं आणि वजन वाढलं की वेळा कमी, दहा मग आठ, फेऱ्या मात्र वाढवायच्या, चार मग पाच. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हा व्यायाम तपासून बघितला, तीन महिन्यांनी नुसत्या ताणण्यापेक्षा यात जास्त फरक दिसला, वर्षभराने मात्र दोन्ही गट सारखेच झाले होते. त्यातून मी एवढंच घेते की याने लवकर पल्ला गाठता येतो.

करताना थोडं दुखणारच. दहापैकी तीन-चार इतकं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त नाही दुखलं तर चालू ठेवा. सकाळी जास्त दुखलं तर फेऱ्या कमी करा, बंद नका करू. माझ्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक इथेच सोडतात, आठ-दहा दिवस करतात, फरक पडला नाही म्हणतात आणि मग कुणीतरी सांगितलेलं तेल आणायला जातात. पट्ट्याला रक्तपुरवठा कमी असतो, त्याची दुरुस्ती हळूच होते, सहा आठवड्यांत सकाळची कळ जरा बोथट होईल, तीन महिन्यांत कामाच्या दिवसाचा शेवट बरा जाईल, आणि पूर्ण विसरायला कधी कधी वर्ष लागतं. दहापैकी आठ-नऊ जण ऑपरेशनशिवाय वर्षभरात बरे होतात हे खरं आहे, पण वर्षभरात, आठवड्यात नाही.

इंजेक्शनबद्दल. स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्यावर काही आठवडे छान वाटतं, कधी एक-दोन महिने. मुलीचं लग्न तोंडावर आहे, पाय टेकवत नाही, अशा वेळी मीही नाही म्हणत नाही. पण त्याने झीज भरून येत नाही, आणि पुन्हा पुन्हा घेतलं तर पट्टा तुटायची आणि टाचेची चरबीची गादी पातळ व्हायची भीती असते, आणि ती गादी परत येत नाही. घ्यायचंच झालं तर सोनोग्राफीत बघून देणाऱ्यांकडून घ्या, व्यायाम सुरू ठेवून घ्या, आणि डायबेटिस असेल तर नंतर काही दिवस शुगर वर जाते हे लक्षात ठेवा. तीन-चार महिने मनापासून करूनही अडलं तर शॉकवेव्ह नावाची मशीनची ट्रीटमेंट असते, ती जुन्या दुखण्याला बऱ्याच जणांना लागू पडते. आपल्याच रक्तातून काढून देतात ते पीआरपीचं इंजेक्शन महाग आहे, त्याआधी स्वस्तातल्या गोष्टी नीट झाल्यात का ते बघा. ऑपरेशन हे फार थोड्यांना, सहा महिने ते वर्षभर सगळं करून झाल्यावर. तुम्ही अजून त्याच्या जवळपासही नाही. दुखण्याच्या गोळ्या चार-पाच दिवस ठीक, पण बीपी, किडनी, अॅसिडिटी असेल तर विचारल्याशिवाय नको. बर्फाने आराम पडतो, पाण्याची छोटी बाटली फ्रीजरमध्ये गोठवून संध्याकाळी दहा मिनिटं पायाखाली फिरवा.

घरगुती उपायांवर मी रागावत नाही. काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासले की झोप छान लागते, लावणाऱ्याचा हातही लागतो, त्यात वाईट काहीच नाही, फक्त त्याने पट्टा बरा होणार नाही. गरम विटेवर रुईची पानं ठेवून शेक घेणं गावाकडे आजही चालतं, शेकाने तात्पुरतं सैल वाटतं, पण वीट किती तापलीय याचा अंदाज चुकतो. बिब्बा मात्र अजिबात नको. बिब्ब्याच्या तेलाने कातडी जळते, फोड येतात, आणि मी अशा जळलेल्या टाचा पाहिल्यात ज्यात मूळ दुखणं बाजूलाच राहिलं आणि जखम सुकवायलाच महिना गेला.

चप्पल कुठली घेऊ हा तुमचा प्रश्न. ब्रँड सांगत नाही, ओळखायचं कसं ते सांगते. हातात धरून वाकवा, ती बोटांच्या जवळ वाकली पाहिजे, मधोमध वाकत असेल तर ठेवून द्या. पिळून बघा, फडक्यासारखी पिळली जात असेल तर नको. टाच पुढच्या भागापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर उंच असली तर सध्या तुम्हाला बरं वाटेल, म्हणजे अगदी सपाट चप्पल आणि कोल्हापुरी सध्या कपाटात. मागे पट्टा असलेली घ्या, कारण मागे मोकळी असली की ती पायातून निसटू नये म्हणून बोटं सतत आवळून धरावी लागतात आणि गर्दीच्या पुलावर तर जास्तच. संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि खरं माप कळतं. अंगठ्याच्या पुढे हाताचा अंगठा आडवा मावेल एवढी जागा हवी. मऊ म्हणजे चांगली असं नसतं, फोमची चप्पल दुकानात ढगासारखी वाटते आणि दोन महिन्यांत बसते, मग ती फेकायला जीव होत नाही. झिजलेली स्लीपर वर्षानुवर्षं घालणं हे आपल्याकडचं टाचदुखीचं फार मोठं कारण आहे असं माझं ठाम मत आहे. मापाने बनवलेल्या महागड्या इनसोलची सुरुवातीला गरज नाही, तयार मिळणाऱ्या इनसोलने बहुतेकांचं तेवढंच काम होतं.

व्हिटॅमिन डी, थायरॉइड, युरिक अॅसिड या टेस्ट केल्यात, डी कमी आलंय, ठीक आहे, डॉक्टरांनी दिलंय ते घ्या, अंगाला बरं आहे, पण फक्त त्याने टाच बरी होईल अशी आशा ठेवू नका. युरिक अॅसिडचा झटका बहुतेक वेळा अंगठ्याच्या सांध्यात येतो, रातोरात लालभडक, चादर लागली तरी सहन होत नाही असा, तो प्रकार तुमच्यात दिसत नाही.

पावसाळ्याबद्दल थोडं, कारण आपल्या मुंबईत पायांचे अर्धे त्रास जून ते सप्टेंबर मधलेच. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात ते बुरशीचं इन्फेक्शन असतं, ओले मोजे-बूट दिवसभर घातल्याने. घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन बेचक्या कोरड्या पुसायच्या, हे एवढंच केलं तरी निम्मं काम होतं. क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिनची साधी क्रीम लावा आणि खाज गेली तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. मेडिकलवाला पटकन जी ट्यूब देतो त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, ते लावल्यावर चार दिवस बरं वाटतं आणि बुरशी आतून पसरते, त्वचेचे डॉक्टर याने हैराण झालेत, तर ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन असलं काही वाचलं तर परत करा. आणि तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं, पायाला जखम किंवा भेग असेल, तर लेप्टोचा, म्हणजे उंदीर-जनावरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या दिवसांत लेप्टोने माणसं गेली, ते आपण पाहिलंय. पालिका दर पावसाळ्यात सांगते की अशा पाण्यातून चालल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळी घ्यायची का ते विचारा. पालिकेच्या दवाखान्यात जा, ताप यायची वाट बघू नका.

कुरूप हे दाबामुळे होतं, वरून कितीही कापलं तरी चप्पल तीच ठेवली तर परत येणार. ब्लेडने घरी कापू नका. नखं सरळ कापायची, कडा गोल कोरत आत गेलं की नखुरडं होतं. अंगठ्याचं हाड बाहेर येणं बऱ्याचदा घराण्यातच असतं, निमुळत्या चपला-बुटांनी ते वाढतं, रुंद घ्या.

आता आई. इथे मला तुमचं पूर्ण लक्ष हवंय. रात्री मुंग्या येणं, तळपाय जड वाटणं, चप्पल पायातून कधी निसटली ते न कळणं, ही डायबेटिसने नसा कमकुवत झाल्याची लक्षणं आहेत. तुम्हाला दुखतंय म्हणून तुम्ही काळजी घेताय, आईंना दुखणंच कळेनासं होतंय, आणि त्यांच्या पायाला खरी भीती त्याचीच आहे. खडा रुतला, चप्पल चावली, भेगेतून रक्त आलं, तरी कळत नाही आणि जखम आतल्या आत वाढते. डायबेटिसवाल्यांचे पाय कापावे लागतात त्यातल्या बऱ्याच जणांची सुरुवात अशाच एका छोट्या न दुखणाऱ्या जखमेपासून झालेली असते.

म्हणून रोज रात्री झोपायच्या आधी तुम्ही किंवा घरातल्या कुणीतरी त्यांचे पाय उजेडात बघायचे, तळवे, बेचक्या, टाचा, नखांच्या कडा. त्या एकट्या असतील तर जमिनीवर आरसा ठेवून बघता येतं. चप्पल घालण्याआधी हात घालून आत खडा-बिडा नाही ना हे तपासायचं. आंघोळीचं पाणी कोपराने बघायचं, पायाने नाही. गरम पाण्याची पिशवी, वीट, बिब्बा, कॉर्न कॅप, बर्फाची बाटली, यातलं काहीही त्यांच्या पायाला लावायचं नाही, वर तुम्हाला जे सांगितलं ते त्यांना लागू नाही. कॉर्न कॅपमध्ये कातडी विरघळवणारं अॅसिड असतं, ते चांगली कातडीही खातं.

भेगांसाठी कोमट पाण्यात पाच मिनिटंच पाय, मग टिपून कोरडे, मग युरिया असलेली क्रीम टाचेला, बोटांच्या बेचक्यात नाही, आणि वर सुती मोजे. कोकणातून आणलेलं कोकमाचं तेल घरात असेल तर तेही चांगलं, माझी आजी हिवाळ्यात तेच लावायची, फक्त फार गरम करून ओतू नका. भेग खोल असेल, कड लाल असेल, पाणी येत असेल तर क्रीम नाही, डॉक्टर.

आणि अनवाणी चालणं त्यांना बंद. तुम्ही लिहिलंय की त्या दर अंगारकीला सिद्धिविनायकाला अनवाणी चालत जातात. श्रद्धेबद्दल मी एक शब्द बोलणार नाही, माझ्याही घरात गणपती बसतो. पण नसा गेलेल्या पायाला तापलेली लादी, काच, पेव्हर ब्लॉकची कड यातलं काहीच कळत नाही. जायचं तर चालत जाऊ दे, रस्ताभर पायात चप्पल असू दे आणि देवळात जिथे काढावीच लागते तिथे जाड सुती मोजे घाला. माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंना हे त्यांच्या गुरुजींनीच समजावलं तेव्हा पटलं, घरचं कुणी सांगून पटत नसेल तर असं कुणाला तरी मधे घाला.

त्यांची पायाची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायला हवी, आता मुंग्या आहेत म्हणजे लवकरच. त्यात बारीक नायलॉनच्या तारेने तळव्याला स्पर्श करून कळतं का बघतात, कंपनाचा काटा लावतात, पावलावरची नाडी तपासतात, पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि दुखत नाही. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, तर बघाच, सोबत बी-१२ही सांगा, मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही मुंग्या येतात, आणि ते भरून काढणं सोपं आहे. चपलेसाठी एमसीआर म्हणून मऊ पण न बसणारं रबर असतं, त्या तळव्याची, मागे पट्टा असलेली, अंगठ्याची वादी नसलेली घ्या. हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे अशा पायांसाठी पादत्राणं आणि इनसोलचं काम होतं. केईएम, सायन, नायर या हॉस्पिटलांतही फिजिओथेरपीची ओपीडी आहे, गर्दी असते, सकाळी लवकर जा आणि जुने रिपोर्ट, औषधांची यादी, आणि रोज घालतात ती चप्पल सोबत घेऊन जा. तपासणाऱ्याने तळवा कुठे झिजलाय हे बघितलं की पायावर भार कुठे येतोय ते कळतं, म्हणून नवीन चप्पल घालून जाऊ नका.

तुमच्यासाठी सहा आठवड्यांनी मला सांगा सकाळची कळ किती आहे, त्यावरून पुढे वजन किती वाढवायचं ते बघू. टाच अचानक सुजली, पाय टेकवताच येईना, ताप आला, किंवा चालताना 'कट्' असा आवाज होऊन तळव्यात निळं पडलं तर सहा आठवडे थांबायचं नाही. आणि आईंच्या पायावर कुठेही जखम, फोड, काळा डाग किंवा एकच पाय दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेला दिसला, दुखत नसला तरी, त्याच दिवशी हॉस्पिटल, दुकानातून सुट्टी मागावी लागली तरी.